चुलीचे तीन दगड

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच सत्यशीलाला वाटलं की आता कागदातलं बोलणं संपलं.

"खंडेराव, वय काय तुमचं?"

"अठ्ठावन्न."

"मनाई हुकूम वाचून दाखवला होता ना तुम्हाला?"

"व्हय."

"काय होतं त्यात?"

खंडेरावनं साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं, "वाटणीचा दावा निकालात निघंस्तोवर रानात कुणी काय बांधायचं नाय, खणायचं नाय, इकायचं नाय."

"पाठच आहे की. मग ओटा कसा बांधलात?"

"मपल्या मायचा हाय तो."

"कुणाचा आहे ते मी विचारलं नाही. कोर्टानं नको म्हटल्यावर कसा बांधला, ते विचारतेय."

"मॅडम, मायला जाऊन वरीस झालं व्हतं. ती काय कोर्टाला इचारून गेली नव्हती."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. शिपायानं वळून बघितलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत.

"हे बघा, माफी मागा, ओटा काढून घेतो असं लिहून द्या. मी आत्ताच मिटवते."

"माफी मागतो. शंभर डाव मागतो." खंडेरावनं हात जोडले. "ओटा नाय काढत."

समोरच्या बाकावर सत्यशीलानं, त्याच्या धाकट्या बहिणीनं, डोळे मिटून घेतले. हा माणूस असाच. लहानपणी वडिलांचा मार खाताना 'चुकलं, चुकलं' म्हणायचा आणि ज्या कैरीसाठी मार चाललाय ती मुठीतून सोडायचा नाही.

न्यायाधीशबाईंनी चष्मा परत लावला आणि हुकूम सांगितला. प्रतिवादीनं मनाई हुकूम जाणूनबुजून मोडल्याचं सिद्ध झालं आहे. पंधरा दिवसांत ओटा काढून जागा पूर्वी होती तशी करावी आणि फोटो जोडून तसं लेखी कळवावं. न केल्यास तीस दिवस दिवाणी कैद.

खंडेराव पिंजऱ्यातून उतरला. बायकोनं, गोजरवहिनींनी, इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता. तो सत्यशीलाच्या बाकाजवळून गेला, अगदी हातभर अंतरावरून, आणि तिथं भिंत असावी तसा गेला. चार वर्षांत त्याला ही कला चांगली साधली होती.

बाहेर लिंबाखाली वकीलबाईंनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. "झालं तुमच्या मनासारखं. आता पंधरा दिवस थांबायचं. नाही काढला तर आपण अर्ज द्यायचा, त्यांना आत पाठवा म्हणून."

"मीच द्यायचा?"

"मग कोण देणार? आणि एक, दिवाणी कैद आहे ही. कैद मागणाऱ्यालाच कैद्याचा जेवणखर्च भरावा लागतो. कोर्ट सांगेल ते आधी जमा करायचं."

सत्यशीला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हणजे तुरुंगात दादाला मी जेवायला घालायचं?"

"तसंच समजा."

"मग भाकरीच घेऊन जाते की रोज," ती म्हणाली, आणि तिच्या घशातून जे काही निघालं ते हसू आहे की काय हे वकीलबाईंना समजलं नाही.

*

शहराच्या छावणी भागातल्या दोन खोल्यांच्या घरात सत्यशीला लग्न होऊन आली त्याला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली सत्तावीस वर्षं दर दिवाळीला, दर पंचमीला खंडेराव तिला न्यायला आला. आधी सायकलवर, मग राजदूतवर, मग हिरो होंडावर. घरात कधी येत नसे. फाटकापाशी उभा राहून गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचा, "सत्ये, भरली का पिशवी?" साहेबराव, म्हणजे तिचा नवरा, आतून म्हणायचा, "आले बघ तुझे मुऱ्हाळी. चहा तरी घे म्हणावं." खंडेरावचं ठरलेलं उत्तर होतं, "चहा घेत बसलो तर तिथं मेंढ्या कोण बघल?" मेंढ्या विकून दहा वर्षं उलटल्यावरही तो हेच म्हणायचा.

मग चिकलठाण्याच्या विमानतळामागं तिच्या माहेरच्या सात एकराला भाव आला. प्लॉटिंगवाले चकरा मारू लागले. आणि एका दुपारी धाकटा भाऊ मोतीराम मोटारसायकल चालूच ठेवून फाटकात उभा राहिला, हातात हक्कसोडीचा कागद. "आक्का, इथं, इथं आन इथं सही कर. दादानं पाठवलंय."

कागदावर छापलं होतं, मी राजीखुशीनं माझा हक्क सोडत आहे. सत्यशीलानं पेन हातात घेतलंसुद्धा. सगळ्या बहिणी करतात, तीही करणार होती. पण दादा स्वतः आला नव्हता. सत्तावीस वर्षं जो माणूस फाटकात उभा राहून ओरडला, त्याला या एका कामाला फाटक लांब पडलं होतं. मोतीरामच्या गाडीचं इंजिन धडधडत होतं, आणि राजीखुशी हा शब्द तिला एकदम वाचताच येईना.

"दादाला म्हणावं ये," ती म्हणाली. "चहाला ये. मग करते."

दादा आला नाही. त्याला कुणी काय सांगितलं कोण जाणे. सही झाली नाही, बोलणं बंद झालं, मग नोटीस, मग तिचा वाटणीचा दावा, मग मनाई हुकूम. गेल्या वर्षी पुतळाबाई, त्यांची माय, गेली. सत्यशीला मातीला गेली, बायकांत मागं उभी राहिली आणि पाणी न पिता परत आली. वर्षश्राद्धाला आवतन येईल म्हणून तिनं कपाटातून साडीसुद्धा काढून ठेवली होती. आवतन आलं नाही. फोनवर मोतीरामनं पाठवलेले फोटो आले. खड्डा, विटा, सिमेंटच्या गोण्या. खाली लिहिलेलं, 'आक्का दादानं बांधकाम काढलंय बघून घे.'

तिला वाटलं दुकान. वाटलं गाळे. ती तडक वकीलबाईंकडे गेली आणि अर्जावर सही केली. या कागदावरची सही मात्र तिला पटकन आली. महिन्यानं कोर्टाचा माणूस पाहणी करून आला आणि त्याचा अहवाल आला. 'गटाच्या ईशान्य कोपऱ्यात सिमेंट-विटांचा ओटा. लांबी पाच फूट, रुंदी चार फूट, उंची अडीच फूट. वर तीन काळे दगड पक्के बसवलेले.'

तीन काळे दगड वाचल्यावर तिला सगळं कळलं होतं; हे दुकान नाही, मायच्या आठवणीचा ओटा. त्याच दिवशी अर्ज मागं घेता आला असता. ती घेणार होती, आज, उद्या, परवा. आणि प्रत्येक वेळी कपाटातली ती काढून ठेवलेली साडी दिसायची.

*

हुकमाच्या दिवशी दिवेलागणीला मोतीराम भज्यांचा पुडा घेऊन आला. यावेळी त्यानं गाडी बंद केली.

"जिंकलीस आक्का! तोंड बघितलंस दादाचं?"

"तू नव्हतास कोर्टात."

"मी कसा असंन? मी बी प्रतिवादीच की. दोन नंबरचा." तो खुर्चीवर ऐसपैस बसला. "आता ऐक. पंधरा दिवस गप बसायचं. दादा काय ओटा काढत नाय. मग तू अर्ज टाक."

"आन दादा तुरुंगात?"

"तीस दिवस तर हायेत! जेवणखाण फुकट. परतून आल्यावर येतंय ताळ्यावर. मग आपण तिघं बसून मिटवू."

साहेबराव कोपऱ्यात रेडिओ पुसत बसला होता. छावणीच्या पाण्याच्या टाकीवर जन्मभर पंप चालवून तो निवृत्त झाला होता, आणि चालू यंत्रात हात घालायचा नाही हे त्याच्या अंगात मुरलं होतं. पण आता त्यानं विचारलं, "मोतीराम, तुमचा ह्यात काय फायदा?"

"फायदा काय भावजी. बहिणीचा न्याय."

"न्याय झाला. फायदा विचारतोय."

मोतीरामनं भजं तोंडात टाकलं. "तो प्लॉटिंगवाला म्हणतो, कोपऱ्यात समाधी असली तर गिऱ्हाईक फिरकत नाय. आता सांगा, माय काय त्या सिमेंटात हाय का? माय तर काळजात हाय."

आतल्या खोलीतून संस्कृती, सत्यशीलाची मुलगी, केस विंचरत बाहेर आली. चिकलठाण्याच्याच एका कंपनीत ती हिशोबाला होती, रोज त्या रानावरून बसनं जायची आणि खिडकीतून ते शेत बघत बघत जायची. उतरायची मात्र नाही. "मामा," ती म्हणाली, "काळजातली जागा एकरानं विकता येत नाही, हे बरंय."

"पोरगी लई हुशार केलीस आक्का," मोतीराम म्हणाला आणि उठला. भज्यांचा पुडा तसाच राहिला. साहेबरावनं तो उचलून शेजारच्या पोरांना दिला. मोतीरामचं बोलणं कितीही गोड असलं, तरी या घरात त्यानं आणलेलं काही खाल्लं जात नसे.

रात्री जेवताना सत्यशीला एवढंच म्हणाली, "तीस दिवस. त्याला दुसऱ्याच्या हातची भाकर चालत नाय."

"मग अर्ज नको देऊ," साहेबराव म्हणाला.

"नाय दिला तर तो जिंकला."

"आणि दिला तर?"

तिनं ताटात पाणी ओतलं.

*

चौदाव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. सत्यशीलानं पडदा सरकवला तर गोजरवहिनी. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. घाईत निघाली होती.

"वन्सं, या म्हणता का जाऊ?"

"या की. आता फाटकातून काय परत पाठवू?"

गोजरबाई आत येऊन जमिनीवरच बसली. पाणी प्यायली. मग पिशवीतून शेंगदाण्याची पुडी काढली, तिळाची काढली, आणि सगळं काढून झाल्यावर रडायला लागली.

"तुमचे भाऊ पिशवी भरून बसलेत."

"कसली पिशवी?"

"तुरुंगाची! दोन धोतरं, दोन सदरे, घोंगडी, तंबाखू. कुणीतरी सांगितलं आत तंबाखू चालत नाय, तर काढली. परत घातली. आता रोज सकाळी काढतेत आन रोज संध्याकाळी घालतेत. मला म्हणले, परवा बेलिफ आला तर चहा दे त्याला, त्याची काय चूक नाय."

सत्यशीलाला हसू आलं, आणि ते हसू आलं म्हणून तिला राग आला. "एवढं करण्यापरीस ओटा काढावा की."

"कसा काढतील? म्हणतेत, मायच्या अंगावर पहार कशी मारू? रात्री झोपत नाईत." वहिनीनं नाक पुसलं. "खोटं नाय बोलत वन्सं. तुम्ही मला नणंद कमी आन बहीण जादा. ओटा बांधला तवा त्यांच्या मनात निम्मी माय व्हती आन निम्मं रान. कोपऱ्यात माय बसली की तो कोपरा कोर्ट कुणाला देणार, असं म्हणलेत ते माझ्यासमोर. पण निम्मी माय व्हती. ती बी खोटी नव्हती."

"आन मला वर्षश्राद्धाला बोलावलं नाय, ते कोणत्या निम्म्यात?"

गोजरबाईनं तोंडात पदर धरला. "मी म्हणलं व्हतं, आवतन धाडा. ते म्हणले, मायच्या वरसाला लेकीला आवतन लागतं व्हय? येईल तिची ती. दुपारी चारपर्यंत कुणाला जेवू दिलं नाय. रस्त्याकडंच डोळे. पंगत निवून गेली सारी."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. त्या दिवशी ती इथं फाटकाकडं बघत बसली होती, आणि तो तिथं रस्त्याकडं.

"दगड कुठले घातले वर?" तिनं माहीत असून विचारलं.

"मायच्या चुलीचे. पैठणच्या अंगाला शेवटचा वाडा पडला व्हता ना मेंढरांचा, तिथून तुमचे भाऊ घेऊन आले व्हते. मेंढरं इकली त्या साली."

"घेऊन आला?" सत्यशीला ताठ झाली. "वाड्यावरनं? मला वाटलं घरच्या चुलीचे असतील. मायला चाललं?"

"मायला सांगितलंच नाय. गोठ्यात कडब्याखाली ठेवले व्हते पंधरा वर्सं."

सत्यशीलानं कपाळावर हात मारला. पुतळाबाईची एकच कडक रीत होती. मेंढ्यांचा वाडा हलवायचा दिवस आला की पुरुषांनी जाळी गुंडाळायची, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं. चूल मात्र बाईनंच मोडायची. राखेवर पाणी शिंपडायचं, तिन्ही दगड हातानं उचलायचे आणि काळी बाजू जमिनीकडं करून बांधाला लावून ठेवायचे. मागून येणाऱ्याला कामी येतील. दगड बरोबर न्यायचे नाहीत. नेले तर जागा पाय धरून ठेवते, असं माय म्हणायची. आठ वर्षांची असल्यापासून हे काम सत्यशीलाचं होतं. सोडून आलेल्या प्रत्येक माळावर ती मागं वळून बघायची, तर तीन दगड पालथे झोपलेले असायचे.

"वहिनी," ती म्हणाली, "उद्या सकाळी दादा कुठं असतो?"

"ओट्यापाशी. दुसरीकडं कुठं?"

*

पंधराव्या दिवशी सकाळी साहेबरावनं स्कूटर काढली. मागं सत्यशीला, तिच्या मांडीवर हातोडी, छिन्नी आणि तांब्या. संस्कृती कंपनीच्या बसमधून निघाली आणि पहिल्यांदाच त्या थांब्यावर उतरली.

थंडी होती. शाळू गुडघ्याला आला होता. वरून एक विमान इतकं खालून गेलं की बांधावरचे बगळे उठून दुसऱ्या बांधावर बसले. ईशान्य कोपऱ्यात ओटा, त्याला पिवळा रंग, आणि ओट्याला टेकून घोंगडी पांघरलेला खंडेराव. शेजारी भरलेली पिशवी.

सत्यशीला सरीसरीनं चालत गेली. चार वर्षांत हे रान तिनं फक्त सातबाऱ्यावर पाहिलं होतं. सातबाऱ्यावर हा वास नव्हता. तिला एकदम वाटलं की मटकन खाली बसावं आणि ढेकूळ हातात घ्यावं. ती बसली नाही. लुगड्याचा ओचा खोचला.

"पहार कुठाय?" तिनं विचारलं.

चार वर्षांतलं तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं ते एवढं.

खंडेराव उभा राहिला. "हात लावू नको, सत्ये. मी जातो म्हणलंय ना तुरुंगात. तुपलं समाधान होईल."

"पहार कुठाय?"

"मायचा ओटा हाय तो!"

"ओटा तुझा हाय. मायचे तीन दगड हायेत." ती त्याच्यासमोर उभी राहिली. तो फार वाळला होता. कोर्टातल्या इस्त्रीत ते दिसलं नव्हतं. "दादा, वाडा हलवायचा म्हणलं की चूल कोण मोडायचं?"

खंडेरावनं घोंगडी अंगाभोवती ओढली.

"सांग की. कोण मोडायचं?"

"माय."

"आन?"

"आन तू."

"तू काय करायचास?"

तो शाळवाकडं बघत राहिला. मग घोंगडीच्या आतून आवाज आला. "घोडं धरून उभा राहायचो."

"मग राहा उभा. हे तुझं काम नाय."

तिनं ओट्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि पहिल्या दगडाच्या कडेला छिन्नी लावली. सिमेंट कच्चं होतं. गवंड्यानं वाळू भरपूर घातली होती. चार ठोक्यांत भेग गेली. गोजरबाई घरातून धावत आली, नवऱ्याकडं एकदा बघितलं, आणि पदर बांधून नणंदेच्या शेजारी बसली. खंडेरावनं डोळ्यांवर हात धरला, पण तो हलला नाही. खरोखरच कुणीतरी घोड्याचा कासरा हातात दिल्यासारखा, एक मूठ वळून उभा राहिला.

दुसरा दगड निघताना मोतीराम मोटारसायकलवरून आला. बांधावरच थबकला. दोघींना ओटा फोडताना आणि दादाला बाजूला उभा बघून त्याला आपण कुणाच्या बाजूचे हे पटकन ठरवता येईना.

"अरे वा," तो म्हणाला. "आक्का, मला फोन करायचा की. फोटो मी काढले असते."

"तू काढलेत मागं. पुरे झाले," सत्यशीला म्हणाली आणि जीभ चावली. हे दादासमोर बोलायचं नव्हतं.

खंडेरावनं डोळ्यांवरचा हात काढला. "मला म्हाईत हाय त्यानं धाडले ते."

"कसं काय?"

"फोटोत सिमेंटाच्या गोण्या हायेत ना? त्या त्याच्याच पिकअपमधून आल्या. उतरवताना काढलेत फोटो. मला म्हणला, दादा, ओटा बांधच, आक्का काय करत नाय. कोर्टात तुझ्या वकीलबाईनं फोटो दाखवले, तवा पिकअपचं मागलं फाळकं दिसलं एका कोपऱ्यात. 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं."

मग साहेबराव, जो चालू यंत्रात कधी हात घालत नसे, हळूच म्हणाला, "मोतीराम, विटा तेवढ्या बांधाला नेऊन टाका. पिकअप आणा पाहिजे तर."

मोतीराम काहीतरी बोलणार होता, पण समोर भाऊ, बहीण, वहिनी, भावजी आणि फोन हातात धरलेली भाची, अशी पाच माणसं प्रथमच एका बाजूला उभी होती. त्यानं मोटारसायकल स्टँडवर लावली आणि विटा उचलायला वाकला.

तिसरा दगड सर्वांत मोठा. तो सुटल्यावर सत्यशीलानं दोन्ही हातांनी पोटाशी धरला. त्याची एक बाजू काळीभोर होती, काजळी बसून बसून मऊ झालेली. तिनं नकळत नाकाशी नेला. धुराचा वास कधीच उडून गेला होता. सिमेंटचा येत होता. तरी तिनं तो तसाच धरून ठेवला. स्कूटरच्या पायाशी मावला असता. छावणीत तुळशीपाशी ठेवता आला असता. तिनं मान वर केली तर खंडेराव तिच्याकडंच बघत होता. पंधरा वर्षं कडब्याखाली दगड लपवणाऱ्याला तिच्या मनातलं वाचायला वेळ लागला नाही.

"ने," तो म्हणाला. "मी बी आणला व्हता."

तिला न्यायचा होता. त्या क्षणी सात एकरांपेक्षा तिला तो एक दगड हवा होता.

"माय ओरडल," ती म्हणाली.

ती बांधापर्यंत गेली, दगड काळी बाजू खाली करून ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तिन्ही एकमेकांना टेकवून. खंडेराव मागून येऊन उभा राहिला.

"आता पाय धरायची नाय जागा," ती म्हणाली.

"कुणाचा धरत व्हती?"

"दोघांचा बी."

ओट्याच्या उरलेल्या विटाही निघाल्यावर संस्कृतीनं रिकाम्या जागेचे चार बाजूंनी फोटो काढले. जमिनीवर पाच बाय चारचा ओला चौकोन उरला होता. गोजरबाईनं चहा आणला, आणि सत्यशीलानं तो बांधावर बसून प्यायला. घरात या असं कुणी म्हणालं नाही आणि तीही गेली नाही. पिशवीतली तंबाखू खंडेरावनं कायमची बाहेर काढली.

स्कूटर चालू झाल्यावर तो जवळ आला. हँडलवर हात ठेवला.

"दावा?"

"दावा हाय तसा हाय," सत्यशीला म्हणाली. "माझा वाटा मी सोडत नाय, दादा."

"सोड म्हणलं व्हय मी?" तो चिडला. मग जरा थांबून, "पुढली तारीख कधी?"

"सतराला. साडेदहा."

त्यानं मान हलवली आणि हँडल सोडलं.

*

सतरा तारखेला सत्यशीला सातलाच आवरून बसली. का, ते तिला कुणी विचारलं नाही. साहेबरावनं रेडिओ लावला, बंद केला. साडेआठ झाले. पावणेनऊ. तिनं स्वतःला दोनदा समजावलं की रिक्षा कोर्टाजवळच्या क्रांती चौकापर्यंत सरळ मिळते आणि चिकलठाण्याहून निघालेल्या माणसाला कोर्ट आधी लागतं. ते ओलांडून छावणीपर्यंत यायचं, परत फिरायचं, याला काही अर्थ नाही. जिच्याशी भांडायचं तिलाच न्यायला कोण येतं?

नऊला फाटकापाशी गाडी थांबली. इंजिन बंद झालं.

"सत्ये!" सगळी गल्ली दारात आली. "भरली का पिशवी?"

सत्यशीलानं पिशवी उचलली. तळाशी दाव्याचे कागद होते, आणि वर फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. तारखेला किती वेळ लागेल, कुणी सांगावं.

"चहा तरी घे म्हणावं," साहेबराव आतून म्हणाला.